ईरसा, सोसन आणि गमला

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात नोएडातल्या आमच्या घरी एक पाकीट आलं. आत भुश्यात गुंडाळलेले दहा छोटे कांदे होते आणि पाकिटावर निळ्या फुलाच्या चित्राखाली छापलं होतं, 'सैबेरियन आयरिस, ब्लू'. सोसायटीच्या माळ्याला बोलावलं आणि म्हटलं, हे लावायला पसरट कुंडी हवी. तो दाराकडे बघायला लागला. "आंटीजी, कुंडी तो ठीक लगी है।" इकडच्या हिंदीत कुंडी म्हणजे दाराची कडी. मग माझ्या ध्यानात आलं आणि मी 'गमला' म्हटलं. तो लगेच मागच्या आवारातून मातीचा रुंद गमला घेऊन आला.

आपली कुंडी 'कुंड' या संस्कृत शब्दाची लेक. गमल्याचं मूळ मात्र पोर्तुगीज. 'गामेला' म्हणजे लाकडाची पसरट परात, जनावरांना दाणावैरण घालायची किंवा पीठ मळायची. पोर्तुगीजांबरोबर हा शब्द आपल्या किनाऱ्याला लागला आणि फुटून दोन वाटांनी गेला. हिंदीत तो गमला होऊन फुलझाडांच्या कामाला लागला. मराठीत 'ग'चा 'घ' झाला आणि त्याचं घमेलं झालं. गवंड्याच्या हाताखालच्या बाईच्या डोक्यावर वाळू आणि सिमेंट वाहणारं लोखंडी घमेलं आणि नोएडाच्या बाल्कनीतला मातीचा गमला ही सख्खी भावंडं आहेत. नोएडात सतत कुठे ना कुठे बांधकाम चालू असतं, त्यामुळे दोन्ही एकाच नजरेच्या टप्प्यात दिसतात. इथे आल्यापासून मी रोज ती पाहते, आणि दर वेळी मला वाटतं की शब्दाचं गोत्र विचारावं ते एवढ्याचसाठी. गोत्र कळलं की त्याचा दूरचा भाऊ रस्त्यात ओळखू येतो.

कांदे लागले. जानेवारीच्या धुक्यात तलवारीसारखी पाती वर आली. फेब्रुवारीच्या अखेरीस देठाच्या टोकाला घट्ट पिळलेल्या छत्रीसारखी कळी दिसली आणि दोन दिवसांनी सकाळी ती उलगडलेली होती. तीन पाकळ्या उभ्या, तीन बाहेर लवलेल्या. लवलेल्या प्रत्येक पाकळीवर, जिथून ती खाली वळते तिथे, हळदीच्या बोटासारखा एक पिवळा ठसा. निळा रंग असा की सावलीत जांभळ्याकडे झुकायचा आणि ऊन पडलं की पुन्हा निळ्यावर यायचा.

फूल सुंदर होतं, पण सैबेरियन नव्हतं. मला संशय कांद्यांवरूनच यायला हवा होता. सैबेरियन आयरिसला कांदा नसतोच. त्याचं मूळखोड हळदी-आल्यासारखं आडवं वाढतं आणि पाती गवतासारखी बारीक असतात. लवलेल्या पाकळ्यांवर एकसंध पिवळा ठसा नसतो, पांढऱ्या-सोनेरी पट्ट्यावर निळ्या शिरांची जाळी असते. कांद्यापासून वाढणारं आणि पिवळा ठसा मिरवणारं ते डच आयरिस. पाकिटावर विक्रेत्याने चुकीचं नाव छापलं होतं. मला त्याचा राग आला, कारण झाडाच्या बाबतीत नाव चुकलं की निगाही चुकते. खरं सैबेरियन आयरिस नोएडात लावणं म्हणजे त्या झाडावर अन्याय आहे. त्याला हिवाळ्यात कित्येक आठवडे सलग कडाक्याची थंडी लागते, किंचित आम्ल आणि ओलसर माती लागते. इथे यमुनेच्या गाळाची अल्कधर्मी माती, बोअरचं जड पाणी, आणि मे-जूनमध्ये पारा 44-45 अंशांवर. डच आयरिस मात्र इथल्या थंडीपुरतं येतं, फुलतं आणि उन्हाळ्याआधी आवरून घेतं.

'सैबेरियन' हे विशेषणही सैलच आहे. स्वीडनच्या वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 साली 'स्पेसीज प्लांटारम' या ग्रंथात या झाडाचं 'आयरिस सिबिरिका' असं बारसं केलं, पण ते वाढतं मुख्यतः मध्य आणि पूर्व युरोपात, आणि तिथून पूर्वेला पश्चिम सायबेरियापर्यंत. अतिपूर्वेकडे, जपान-कोरियाकडे, त्याची जवळची बहीण आहे, ती वेगळी जात. नावात सायबेरिया आला तो झाडाच्या पट्ट्याच्या एका टोकावरून. नोएडाच्या लोकांना हे नवं नाही. ओखल्याच्या बंधाऱ्यापाशी यमुनेच्या काठाला 1990 साली पक्षी अभयारण्य झालं. हिवाळ्यात तिथे बदकं येतात, आणि ती तिबेटातून आलेली असोत की मध्य आशियातून, दुर्बीण लावून बसलेल्या बापाने पोराला सांगितलेलं नाव एकच असतं, 'साइबेरियन बर्ड'. खरा सायबेरियन क्रौंच भरतपूरला शेवटचा दिसला तो 2001-02च्या हिवाळ्यात. पक्षी यायचा थांबला, विशेषण राहिलं आणि इतरांच्या अंगावर चढलं.

ओखल्यावरून आठवलं. नोएडा हा शब्दही मूळचा शब्द नव्हे. 'न्यू ओखला इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट ऑथॉरिटी' या सरकारी प्राधिकरणाच्या नावाची ती आद्याक्षरं. 17 एप्रिल 1976 ही त्याची जन्मतारीख, म्हणजे माझ्या पिढीच्या डोळ्यांदेखत झालेलं नाव. पन्नास वर्षांत त्यातलं 'इंडस्ट्रियल' कोणाच्या डोक्यात येत नाही, 'ऑथॉरिटी' तर मुळीच नाही. मराठीने त्याला आपले प्रत्ययही लावले: नोएडात, नोएडाहून, नोएडाकर. माझ्या मते शब्द आपला झाला की नाही हे ठरवायची हीच कसोटी आहे. त्याचं मूळ कुठलं हे पाहावं, त्यातून आनंद मिळतो, पण आपलेपण ठरतं ते त्याला विभक्ती लागते का, त्यातून दुसरा शब्द जन्मतो का, यावर. गमला आणि घमेलं या कसोटीला उतरले आहेत. आता प्रश्न त्या निळ्या फुलाचा. आयरिसला मराठीत नाव नाही, असं मला एका जाणकाराने सांगितलं होतं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

आयरिस ही ग्रीकांची इंद्रधनुष्याची देवता, देवांचे निरोप घेऊन जाणारी. ग्रीक भाषेत तोच शब्द इंद्रधनुष्याला, तोच या बहुरंगी फुलाला आणि पुढे तोच डोळ्यातल्या रंगीत कड्याला लागला. 1803 साली स्मिथसन टेनंट या रसायनशास्त्रज्ञाला एक धातू सापडला. त्याचे क्षार नाना रंगांचे निघाले म्हणून तो झाला इरिडियम. शाईच्या पेनाच्या निबवर 'इरिडियम पॉइंट' अशी बारीक अक्षरं असायची, ती आपल्या वडीलधाऱ्यांनी वाचलेली आहेत. म्हणजे ही देवता आपल्या खिशातही होती.

डोळ्यातल्या कड्याला आपल्या शालेय पुस्तकांनी 'परितारिका' हा शब्द दिला. तारा म्हणजे डोळ्यातली बाहुली, तिच्या भोवतीची ती परितारिका. शब्द घडवणाऱ्याला मी मनापासून दाद देते. पण आधार कार्डासाठी यंत्रासमोर डोळे धरले तेव्हा तो शब्द कोणी उच्चारला नाही. महाराष्ट्रात लोक 'बुबुळांचे ठसे' म्हणाले, इथे 'आँख का स्कैन'. बाहुलीची गोष्ट मात्र फार गोड आहे. समोरच्या माणसाच्या डोळ्यात वाकून पाहिलं की आपलीच इवलीशी प्रतिमा दिसते, ती बाहुली. लॅटिनमध्ये डोळ्यातल्या त्या काळ्या ठिपक्याला 'पुपिल्ला' म्हणत, अर्थ छोटी मुलगी किंवा बाहुली. संस्कृतातली 'कनीनिका' म्हणजेही छोटी मुलगी. तीन भाषांतल्या माणसांनी तेच पाहिलं आणि त्यांना तेच सुचलं.

आणि इथे मराठी एका शब्दात बाजी मारते. पातं. गवताचं पातं, तलवारीचं पातं, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. संस्कृत 'पत्र'पासून आलेला हा शब्द वनस्पती, हत्यार आणि डोळा या तिन्ही ठिकाणी सहज नांदतो. आयरिसच्या वर्णनाला आणखी काय हवं? त्याची पानं तलवारीची पाती, त्याचं नाव डोळ्याचं. जर्मन त्याला 'तलवार-लिली' म्हणतात. आयरिसच्याच कुळातल्या ग्लॅडिओलसच्या नावाचा अर्थ लॅटिनमध्ये 'छोटी तलवार'. नोएडाच्या वेशीवर गाझीपूरची फूलमंडी आहे. पहाटे तिथे ग्लॅडिओलसचे भारे उतरतात, तेव्हा ते खरोखर म्यानातल्या तलवारींसारखे दिसतात. केशरही याच कुळातलं, पण त्यात शिरले तर निळा रंग मागे राहील.

मार्चमध्ये मी खारी बावलीला गेले. जुन्या दिल्लीतला तो मसाल्यांचा आणि जडीबुटीचा बाजार. नाकाला पदर लावल्याशिवाय तिथे मिरचीच्या गोण्यांजवळून जाता येत नाही. एका अत्ताराच्या दुकानात मी विचारलं, "ईरसा है?" त्याने वर पाहिलं नाही, मागच्या फळीवरचा डबा काढला आणि कागदावर चार-पाच मळकट पांढरे, गाठीगाठींचे तुकडे ठेवले. "बेख-ए-ईरसा. सोसन की जड़।" 'बेख' म्हणजे फारसीत मूळ. मी एक तुकडा नखाने खरवडून नाकाला लावला. आधी धूळ, मग अगदी पुसट असा बनफ्शाच्या फुलांचा वास. या मुळीची ही गंमत आहे. ताजी असताना तिला हा वास नसतो, वाळवून दोन-तीन वर्षं ठेवली की तो हळूहळू तयार होतो. युरोपात अत्तरं आणि पावडरी करणाऱ्यांनी तिला शतकानुशतकं सोन्याच्या भावाने जपलं ते यासाठी.

पण मला त्या दुकानात वासापेक्षा शब्दाने जास्त गुंगवलं. ईरसा म्हणजे दुसरं तिसरं कोणी नाही, ते आयरिसच. ग्रीक वैद्यांच्या ग्रंथांतून हा शब्द सिरियाक आणि अरबीत गेला, तिथे त्याचा 'ईरसा' झाला, आणि युनानी हकिमांच्या पोतडीतून तो हिंदुस्थानात आला. युनानी म्हणजेच 'आयोनियन', ग्रीक. ज्या शब्दाला आपण इंग्रजीतून आलेला नवा पाहुणा समजतो, तो इंग्रज यायच्या कितीतरी आधी इथल्या अत्तारांच्या डब्यात मुळीच्या रूपाने बसलेला होता. फूल आलं नाही, मुळी आली, म्हणून नावही मुळीला चिकटलं. माळी 'आइरिस' म्हणतो, अत्तार 'ईरसा' म्हणतो. दोघांमध्ये पंधरा-वीस किलोमीटरचं अंतर असेल, पण एक शब्द इंग्रजांच्या बागेतून आलेला आणि दुसरा हकिमाच्या खलबत्त्यातून. मी दोघांनाही सांगितलं की तुमचं एकच आहे. अत्तार हसला आणि पुडी बांधून दिली.

त्याने दुसरं नाव घेतलं होतं, सोसन. या नावाची वाट आणखी लांबची आहे आणि मला ती सर्वांत प्रिय आहे.

प्राचीन इजिप्तच्या भाषेत नाईलच्या पाण्यात फुलणाऱ्या कमळाला 'सशन'सारखा एक शब्द होता. त्या लिपीत स्वर लिहीत नसत, म्हणून उच्चार असाच असेल असं नाही. तो शब्द हिब्रूत गेला आणि 'शोशान', 'शोशन्ना' झाला. तिथे त्याचा अर्थ लिलीसारखं फूल. ग्रीकांनी त्याचा 'सूसोन' केला, अरबांनी 'सौसन', इराण्यांनी 'सूसन'. युरोपात तो मुलीच्या नावाने फिरला, सुसाना, सुझान, सुझन. आपल्या वसईच्या ख्रिस्ती घरांतली सुझन त्या इजिप्तच्या कमळाचीच नात आहे. आणि दुसऱ्या वाटेने पाहा. कोकणातले बेने इस्रायल, अलिबागच्या बाजूचे आपले 'शनिवार तेली', 1948नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले आणि तिथेही मराठी टिकवून राहिले. तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघत आलं आहे. त्या देशात शोशाना हे नाव घरोघरी आहे. तेव्हा ज्या घरात आजी नातीला शोशाना म्हणून हाक मारते आणि पुढचं वाक्य मराठीत बोलते, तिथे हा शब्द मराठी माणसाच्या तोंडात रोज आहे.

नाव एक आणि फुलं तीन-चार, असं कसं? फुलांच्या नावांचं असंच असतं. 'गुलाब' म्हणजे फारसीत गुल आणि आब, फुलाचं पाणी. आपण ते पाणी सोडून फुलालाच गुलाब म्हणायला लागलो आणि पाण्याला पुन्हा 'गुलाबपाणी' म्हणतो. सोसनचंही तसंच. आजच्या इराणात 'सूसन' म्हणजे लिली आणि आयरिसला 'ज़नबक' म्हणतात. पण हिंदुस्थानात आलेला सोसन मुख्यतः आयरिसवर स्थिरावला, कारण इथे डोंगरउतारांवर रानोमाळ फुलणारं फूल ते होतं. काश्मीरमध्ये ते दफनभूमीत लावतात. कबरींच्या ओळींमधून पांढरं आणि निळं-जांभळं आयरिस उगवलेलं असतं, आणि काश्मिरी लोक त्याला 'मजारमुंड' म्हणतात. मजार हा शब्द त्याच्या नावातच आहे. फारसी कवींना त्याच्या पाकळ्या जिभांसारख्या दिसल्या. दहा जिभा असून मुका राहणारा, अशी सोसनची ओळख त्यांच्या काव्यात वारंवार येते. मुक्या फुलावरून नाव पडायची तऱ्हा आपल्याकडेही आहे. अबोली आठवा.

जहांगीर बादशहा 1620च्या वसंतात काश्मीरला गेला, तेव्हा उस्ताद मन्सूर या चित्रकाराने तिथली शंभरावर फुलं रंगवली, असं त्याने आपल्या आत्मचरित्रात नोंदवलं आहे. मुघल चित्रांच्या हाशियांत, म्हणजे कडेच्या नक्षीत, आयरिस पुन्हा पुन्हा दिसतं. नोएडाहून यमुना एक्स्प्रेसवेने आग्र्याला गेलात आणि ताजमहालच्या भिंतींच्या खालच्या पट्ट्यात कोरलेल्या संगमरवरी फुलांकडे नीट पाहिलंत, तर तीन उभ्या आणि तीन लवलेल्या पाकळ्यांचं हे फूल ओळखू येईल. घुमटाकडे सगळेच बघतात, गुडघ्याच्या उंचीवर बघणारे थोडे.

सोसनवरून रंगाचं नाव निघालं, 'सोसनी'. हिंदी कोशांत सोसनी म्हणजे लाली मिसळलेला निळा. माझ्या गमल्यातल्या फुलाचा सावलीतला रंग अगदी हाच. आपण रंगांची नावं फुलाफळांवरून घेण्यात कधी मागे राहिलो नाही. जांभळा, नारिंगी, डाळिंबी, अंजिरी, बदामी, अबोली. आणि परक्या भाषेतलं फूल असलं तरी अडलं नाही. गुलाबी तर घरचाच झाला. गुलबक्षी पाहा. मूळ फारसी 'गुल-ए-अब्बास', त्याचं मराठीत गुलबास झालं, गुलबक्षी झालं, संध्याकाळी परसात फुललं आणि लुगड्यावरही चढलं. गुलबक्षी रंगाचं पातळ म्हटल्यावर अब्बास कोण, असं कोणी विचारत नाही. मग सोसनीने काय घोडं मारलं आहे? निळा आणि जांभळा यांच्या मधल्या त्या रंगाला आज दुकानात 'व्हायलेट', 'लॅव्हेंडर', 'पर्पल' अशी नावं आहेत. साडी दाखवणारा मुलगा तीच नावं घेतो आणि आपण मान डोलावतो.

संस्कृताकडे वळणाऱ्यांसाठीही सोय आहे. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या आयुर्वेदाच्या ग्रंथात भावमिश्रांनी वचेचा म्हणजे आपल्या वेखंडाचा एक पांढरा प्रकार सांगितला आहे, 'पारसीक वचा', इराणकडचं वेखंड. त्याचंच दुसरं नाव 'हैमवती'. आजचे द्रव्यगुणाचे अभ्यासक ही मुळी आयरिसची मानतात. हैमवती म्हणजे हिमालयात झालेली, पार्वतीचंही हेच नाव. आणि वेखंडाशी आयरिसची गल्लत पुरातन आहे, त्यात वैद्यांचा दोष नाही. ओहोळाच्या काठी दोन्ही शेजारी लावली तर पात्यांवरून फरक करणं अवघड. पातं चुरडलं की कळतं. वेखंडाचं पातं घमघमतं, तान्ह्या बाळाच्या पाळण्यापाशी येणारा तोच उग्र-गोड वास. आयरिसच्या पात्याला तो नाही. लिनियसलाही हेच जाणवलं असणार. युरोपातल्या पिवळ्या पाण-आयरिसला त्याने 'स्यूडॅकोरस' म्हटलं. अॅकोरस म्हणजे वेखंड, तेव्हा अर्थ झाला 'खोटं वेखंड'. मराठी बाळंतिणीच्या खोलीतली वस्तू स्वीडनच्या माणसाने आयरिसच्या नावात बांधून ठेवली आहे. जाता जाता एक सांगते. 'बालवच' या नावाखाली बाजारात निरनिराळ्या वनस्पतींची मुळं मिळतात, तेव्हा केवळ नावावर विसंबून बाळाच्या गुटीत काही उगाळू नका.

आता निळ्याबद्दल. नील हा आपला शब्द, आणि त्याच्याइतका जग हिंडलेला दुसरा रंग माझ्या पाहण्यात नाही. संस्कृतात तो काळ्यालाही लागतो आणि निळ्यालाही. विठ्ठलाला सावळा म्हणा, काळा म्हणा की निळा, वारकऱ्याला त्यात विरोध दिसत नाही तो यामुळे. पिंपळनेरच्या संताचं तर नावच निळोबा. त्या रंगाचं झुडूप ते नीळ. झुडपाचा शब्द फारसीत 'नील' राहिला, अरबीत 'अन्-नील' झाला आणि तिथून पोर्तुगीजांनी त्याचा 'अनिल' केला. आपल्या वायुवाचक अनिलशी याचं काही नातं नाही, योगायोगाने दोन वेगळे शब्द एका उच्चारावर आले. 1840 साली रशियातल्या कार्ल युलियस फ्रिट्शे या रसायनशास्त्रज्ञाने निळीवर पोटॅशची क्रिया करून एक तेल मिळवलं आणि नाव दिलं 'अनिलीन'. नील, त्याच्या आधी अरबी उपपद, आणि शेवटी रसायनांचं शेपूट. 1859 साली फ्रान्समध्ये अनिलीनपासूनच एक भडक किरमिजी-गुलाबी रंग निघाला. त्याच वर्षी जूनच्या 4 तारखेला इटलीत मॅजेंटा गावी लढाई झाली आणि त्या विजयाचं नाव रंगाला लागलं, मॅजेंटा.

नोएडाच्या सेक्टर 38अ मध्ये भारतीय गणराज्याचं वनस्पती उद्यान आहे. त्याच्या शेजारचं मेट्रो स्टेशन म्हणजे बोटॅनिकल गार्डन. 2009पासून तिथे ब्लू लाइन येते, आणि 25 डिसेंबर 2017ला तिथून मॅजेंटा लाइन सुरू झाली. रोज हजारो माणसं निळ्या गाडीतून उतरून मॅजेंटात चढतात. मीही चढते. मला दर वेळी वाटतं की या दोन रंगांच्या पाट्या इथेच एकमेकींना भेटाव्यात याला काहीतरी अर्थ आहे. मॅजेंटाच्या पोटात अनिलीन आहे, अनिलीनच्या पोटात आपली नीळ आहे, आणि भेटीचं ठिकाण झाडांच्या बागेच्या दारात. ही गोष्ट कडू टोकापाशी थांबते हेही सांगायला हवं. 1897 साली जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कारखान्यातली नीळ बाजारात आणली आणि पुढच्या काही वर्षांत ती अनिलीनपासूनच बनू लागली. निळीचं नाव धारण केलेल्या रसायनाने निळीचं झुडूप शेतातून उठवलं. चंपारणच्या शेतकऱ्यांना 1917 साली ज्या जुलमातून सुटका हवी होती, त्या धंद्याचे ते अखेरचे दिवस होते. आता नीळ म्हटलं की धोब्याच्या बादलीतलं फिकट पाणी आठवतं, शाळेचा पांढरा सदरा त्यातून काढताना आईने मनगटापर्यंत भिजवलेले हात आठवतात.

आपल्याकडे निळ्या फुलांची उणीव नाही आणि त्यांची नावं देताना आपण कंजुषीही केली नाही. गोकर्ण गायीच्या कानासारखं. कासच्या पठारावरची नभाळी, जिचं शास्त्रीय नाव 'सायनोटिस', ग्रीकमध्ये 'निळा कान'. सात वर्षांनी फुलणारी कारवी. सीतेची आसवं. ज्या भाषेने चिमुकल्या रानफुलाला सीतेची आसवं म्हटलं, तिला आयरिससाठी नाव सुचलं नाही असं मी कसं मानू? ते फूल सह्याद्रीत रानात उगवत नाही, म्हणून गावकऱ्याने त्याला हाक मारली नाही, इतकंच. हाक मारायची वेळ आता आली आहे, कारण कांदे आता पुण्या-नाशिकच्या रोपवाटिकांतही मिळू लागले आहेत आणि थंडीच्या दिवसांत कुंडीत फुलू शकतात.

माझा कौल सोसनला आहे. हैमवती सुरेख आहे, पण ते मुळीचं नाव आणि वैद्यांच्या पुस्तकात राहिलेलं. ईरसा अत्ताराच्या डब्यात शोभतो. आयरिस म्हणणाऱ्याला मी अडवणार नाही. सोसन मात्र आधीच निम्मा मराठी आहे. गुलाब, गुलबक्षी, शेवंती यांच्या ओळीत बसवला तर खटकत नाही. सोसनचं फूल, सोसनला पाणी, सोसनी साडी, प्रत्यय सगळे लागतात. सोसणे या आपल्या क्रियापदाशी त्याचा काडीचा संबंध नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. नाहीतर दहा वर्षांत कोणीतरी 'सोसणारं फूल' अशी व्युत्पत्ती छापेल आणि ती खरी मानली जाईल.

या ऑक्टोबरात लावणार असाल तर डच सोसनचे कांदे घ्या, टणक, ठेचलेले नसलेले. निम्मी माती, थोडी वाळू, बाकी कुजलेला पालापाचोळा. बोटाची तीन पेरं खोल, टोक वर. ऊन भरपूर, पाणी बेताचं. सैबेरियन हवंच असेल तर सिमला किंवा श्रीनगरला राहणाऱ्या नातलगाकडे लावा आणि मे-जूनमध्ये भेटीला जा. आणि कुंडीत जी छोटी पाटी खोचाल, तिच्यावर देवनागरीत 'सोसन' लिहा. माझ्या गमल्यातल्या पाटीवर मी लिहिलं आहे. माळ्याने ती वाचली, आणि आता तो शेजारच्या मजल्यावर विचारतो, "सोसन लगवाना है, आंटीजी?"